दोघी मिळून भेऊ

कटरेबाई मोठ्याने घाबरत. आपण बाकीचे मनातल्या मनात घाबरतो आणि वरून शांत चेहरा ठेवतो; बाईंना ते कधी जमलं नाही. जीप सुरू करण्याआधी त्या तिच्याभोवती फेरी मारत, बॉनेटवर थापा देत, ते उघडून आत वाकून बघत, आणि हे सगळं चालू असताना आपल्याला कशाकशाची भीती वाटते ते खणखणीत आवाजात सांगत. थंडीचं उबेला म्हणून इंजिनात साप शिरला असेल. ब्रेकचं तेल गळलं असेल. वळणावर समोरून धानाचा ट्रक येईल आणि त्याच्या ड्रायव्हरचा डोळा लागलेला असेल. यादी संपली की हात कमिजीला पुसून म्हणत, "चाल वो, बस. झालं भेऊन."

तिरोड्याच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते तिथे त्या खेळ शिकवायच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मैदानाच्या या टोकावरून त्यांनी हाक मारली की त्या टोकावरचं पोर थबकायचं. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर दवनीवाड्याला भावाकडे जातील, धानाच्या बांधावर खाट टाकून बसतील, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बाईंनी जुनी फोर बाय फोर जीप घेतली, मागच्या सीट काढून टाकल्या, सुताराकडून तिथे दोघींपुरती फळी ठोकून घेतली आणि वर गादी घातली. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "बाई सठिया गई हैं." बाईंच्या कानावर ते गेलंच. त्या म्हणाल्या, "जलमभर पोट्ट्यायले मैदानात गोल गोल पळवलं. आता सरळ जाऊन पाह्यचं हाये."

त्या हिवाळ्यात माझे यजमान नोकरीपायी रायपूरला होते, मुलगा नागपूरला होस्टेलवर, आणि माझी बरीच रजा शिल्लक होती. बाई अर्जुनी मोरगावकडून खाली गडचिरोलीत आणि तिथून बस्तरपर्यंत जायचं म्हणत होत्या, गाडीतच झोपत, गाडीतच रांधत. मला सोबत चल म्हणाल्या तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं की मी फार भित्री आहे, घरात पाल निघाली तरी शेजारणीला बोलावते. बाईंचा चेहरा उजळला. "मंग त बेसच झालं. एकटीले लय भेव लागते. तू चाल, दोघी मिळून भेऊ."

अशी आमची सहल निघाली. रानात मुक्काम करायला बाई कधीच तयार नसत. दिवस कलायच्या आत एखादं गाव गाठायचं, पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला विचारायचं आणि शाळेच्या आवारात, देवळासमोर, कुठे दुकानाच्या पडवीला लागून जीप लावायची. गॅसच्या छोट्या शेगडीवर भात आणि लाखोरीची डाळ व्हायची. दोन दुलया अंगावर घेऊनही थंडी फळीतून वर यायची. सकाळी काचा आतून ओल्या झालेल्या असत आणि बाहेर धुक्यात सगळं गाव नाहीसं झालेलं. अशा वेळी बाई दुलईतूनच विचारत, "तुले आता कायचा भेव लागून राहिला?" मी काहीतरी सांगायची. कधी मुलाच्या परीक्षेची, कधी माझ्या छातीत येणाऱ्या कळेची, जिच्याबद्दल मी घरी कुणाला बोलले नव्हते. त्या उपदेश करत नसत. "हाव," एवढंच म्हणत, आणि मग आपली सांगत. निडर माणसांवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "भेव नाई लागत म्हणणारा एक त खोटा, नाई त पेलेला," असं त्यांचं मत होतं.

नवेगाव मागे टाकलं तसे लोक हत्तींबद्दल बोलू लागले. छत्तीसगडकडून कळप आला होता. आमच्याकडे वाघ आहे, बिबट आहे, अस्वल तर मोहफुलांच्या दिवसांत घराशी येतं; त्यांची माणसांना आणि माणसांची त्यांना सवय आहे. हत्तीची कुणालाच सवय नव्हती. चहाच्या टपरीवर एक म्हातारा म्हणाला की वाघ आला तर झाडावर चढावं, हत्ती आला तर झाडच राहत नाही. बाईंनी चहा अर्धा टाकला.

अर्जुनी मोरगावच्या पुढे, जंगलाला चिकटलेल्या एका लहान गोंड वस्तीत आम्ही दुपारीच थांबलो, कारण पुढचा रस्ता वनखात्याने बंद केला होता. कळप जवळच्या बोडीवर, म्हणजे गावाच्या छोट्या तलावावर, पाणी पिऊन गेला होता. शाळेची इमारत तेवढी पक्की, म्हणून दिवस उतरू लागला तसं सगळं गाव पोराबाळांना आणि कोंबड्यांना घेऊन शाळेत गोळा झालं. आमची जीप आवारातच होती. पोलीस पाटील माणसं मोजत होता. तेवढ्यात फुलवंता मडावी नावाची एक तरणी बाई धावत आली. तिची सासू खळ्यावर होती, बोडीच्या पलीकडे. म्हातारीला ऐकू येत नसे. नवरा कामाला परगावी गेलेला. फुलवंताने शेजाऱ्याला सासूला घेऊन ये म्हणून सांगितलं होतं, आणि शेजारी समजला की ती केव्हाच आली.

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. वनरक्षकांची गाडी यायला वेळ होता. टेंभे घेऊन जावं असं एक म्हणाला. परवा टेंभे पाहूनच हत्ती अंगावर आला होता, असं दुसरा म्हणाला. पायी जाऊन त्या वयाच्या बाईला पळवत आणायचं कसं, हा प्रश्न होताच. मग काही लोकांची नजर आमच्या जीपकडे गेली.

मी बाईंकडे पाहिलं. त्या मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तू इथंच राह्य. मले लय भेव लागून राहिला, पण गाडी दुसऱ्या कोणाले जमत नाई." मी त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. ती माझी हिंमत नव्हती. त्या शाळेत बसून इंजिनाचा आवाज दूर जाताना ऐकायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. फुलवंता वाट दाखवायला मागे गादीवर चढली. त्या दिवशी बाईंनी गाडीभोवती फेरी मारली नाही.

कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे शेताच्या तुकड्यांमधून, जीप निघाली. प्रत्येक धुऱ्याच्या उंचवट्यावर नाक वर करायची आणि पलीकडे आदळायची. सूर्य झाडांमागे गेला होता, उजेड अजून होता, पण बोडीवरून धुकं उठून बांध्यांत पसरत होतं. बाई वाकून स्टेअरिंगला चिकटल्या होत्या आणि एका सुरात पुटपुटत होत्या, "माय वो, भेव लागून राहिला, भेव लागून राहिला," आणि त्याच वेळी हात बरोबर गिअर बदलत होते. झाडीतून फांदी मोडल्याचा आवाज आला. मग दुसरी मोडली, अधिक जवळ.

म्हातारी खळ्यावर शेकोटीपाशी बसली होती. पाहुणे आलेले पाहून तिला आनंदच झाला. तिने आम्हाला बसायला पोतं सरकवलं. फुलवंताने हातवाऱ्यांनी सोंड करून दाखवली, तर ती मान हलवून धानाच्या पुंजण्याकडे, रचलेल्या गंजीकडे, बोट दाखवू लागली, हे टाकून मी कशी येऊ म्हणून. तिने बोट दाखवलं त्या बाजूला दोन पुंजणे होते. त्यांच्या मागे तिसरा होता, आणि तो हलला.

फुलवंताने सासूला पोत्यासारखं उचललं आणि मागे गादीवर लोटून स्वतः आत शिरली. बाईंनी जीप वळवली. पण ज्या वाटेने आलो होतो तिच्यावर आता एक हत्तीण उभी होती आणि तिच्या पोटाखाली पिल्लू. डावीकडे बोडी, उजवीकडे नाला. बाईंनी दिवे घालवले. मग, मला वाटलं त्यांचं डोकं फिरलं, त्यांनी इंजिन बंद केलं.

इतकी शांतता मी आयुष्यात अनुभवलेली नाही. पुंजण्यामागचा हत्ती पुढे आला. तो पेंढ्या सोंडेने उचलून गुडघ्यावर झटकायचा आणि तोंडात घालायचा, एखादी गृहिणी भाजी निवडते तसा सावकाश. त्याच्या पोटातून घरघर येत होती. ती कानाला कमी आणि सीटच्या लोखंडातून पाठीला जास्त जाणवत होती. ओल्या तणसाचा आणि शेणाचा वास काचेतून आत आला. आणि तेव्हाच म्हातारीला खिडकीतून तो दिसला. तिने हात जोडले आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ती त्याच्याशी गोंडीत बोलू लागली. फुलवंताने तिचं तोंड दाबून धरलं. हत्तीचे कान पसरले. तो आमच्याकडे वळला.

बाईंचा हात माझ्या मनगटावर आला. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. हत्ती इतका जवळ आला की काचेत त्याचा पाय तेवढा दिसत होता. त्याने सोंड बॉनेटवर ठेवली. पत्रा गरम असावा. त्याने ती उचलली, पुन्हा ठेवली, फुस्स करून श्वास सोडला आणि काच पांढरी झाली. मी डोळे मिटले. मला मुलाचा चेहरा आठवायचा होता, तोही आठवेना.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा हत्तीण पिल्लाला घेऊन नाल्यात उतरत होती आणि हा मोठा तिच्यामागे चालला होता, घाई न करता. बाईंनी तरीही किल्लीला हात लावला नाही. शेवटची फांदी मोडल्याचा आवाज विरल्यावरच लावला. इंजिन पहिल्यांदा खोकून बंद पडलं. दुसऱ्यांदा लागलं.

शाळेत लोकांनी जयजयकार वगैरे काही केला नाही. म्हातारीला उतरवून घेतलं, कुणीतरी काळा चहा दिला. बाई इमारतीमागे जाऊन ओकल्या. मी त्यांची पाठ चोळत होते. मग त्या मातीतच बसल्या आणि रडल्या, लहान मुलीसारख्या. काही वेळाने म्हणाल्या, "म्या इंजिन कायले बंद केलं, मले नाई माहीत वो. हातानंच केलं."

सकाळी आम्ही खळ्यावर गेलो. पुंजणे उधळलेले, बराच धान शेणात तुडवलेला. म्हातारी सूप घेऊन दाणे पाखडत बसली होती, काल काही झालंच नाही अशी. बाईंनी बूट काढले आणि तिच्याशेजारी बसून दुपारपर्यंत दाणे वेचले. आम्ही निघताना म्हातारीने बाईंच्या गालावरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली. फुलवंताने सांगितलं, "बाईचं आंग अजून कापून राहिलं म्हणते."

पुढचा रस्ता उघडला होता. गडचिरोलीकडे जायचं की नाही हे मी विचारायच्या आत बाईंनी जीप उलटी वळवली. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर थांबलो तेव्हा त्यांच्या हातात कप ठरत नव्हता. बशी टेबलावरच ठेवून त्यांनी वाकून चहा ओढला. शेजारचे ट्रकवाले पाहत होते, त्याची त्यांना पर्वा नव्हती. "बस्तर आपल्या जागी हाये," त्या म्हणाल्या. "आता घरी जाऊ. औंदा पोटभर झाला भेव." पुढच्या हिवाळ्यात त्या बस्तरला जाऊनही आल्या. मीही होते.

बाईंना जाऊन आता दुसरा हिवाळा. शेवटच्या काही वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर आत आत मिटत गेली आणि गोंदियाच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. देवरीचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं जीप घ्यायला आलं. बाईंनी त्या मुलीला स्टेअरिंगवर बसवून शाळेच्या मैदानात दोन चकरा मारायला लावल्या, मगच किल्ली दिली. ती जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावरही त्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चाल, घरी सोडून दे मले."

घर रस्त्याच्या पलीकडेच होतं. कोळशाचे ट्रक एकामागून एक येत होते. बाईंनी डोकं या बाजूला फिरवलं, त्या बाजूला फिरवलं. बाजूचं काही त्यांना दिसत नव्हतं. मग त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट धरला. ट्रक गेले, रस्ता मोकळा झाला, तरी मी थोडी थांबले. मला वाटलं, त्या 'झालं भेऊन' म्हणतील तेव्हा निघू.