टेंभुर्णी, पळस, आपटा: शिरूर कासारच्या ओल्या पानांपाशी

जावेच्या भावाने परदेशातून सिगार आणला आणि जेवणानंतर तासभर आमचं डोकं खाल्लं. म्हणे खरी चव बाहेरून गुंडाळलेल्या पानाची; फिकट पान गोडसर, काळपट पान कडवट. मी ओढणारी नाही, पण डोक्यात किडा शिरला. मग आपल्या बिडीच्या पानाचं काय? ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "माझी चुलत बहीण सोजर शिरूर कासारला बिड्या वळते. जा तिच्याकडे." निघाले.

पुण्याहून नगर, तिथून पाथर्डी, मग शिरूर, सगळं एसटीने. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो, पण शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करतो. पाथर्डीलाच पोटभर खाऊन घ्या.

सोजर दारातच उभी होती. ऊसतोडीचे दिवस, गल्लीत बहुतेक दारांना कुलपं. तिचा नवराही गेलेला, यंदा पहिल्यांदाच एकटा.

"जोडीनं गेलं की पोरीची साळा सुटती," ती म्हणाली. "म्हून मी ऱ्हायले. माल येळंवर दिला तर ठेकेदार पुढचं पान देतो. न्हाई दिला तर हायेच मंग कोयता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माल पोचवायचा होता.

त्या दुपारी तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, माझी शिकवणी घेतली. बाजारातल्या बिडीला टेंभुर्णीचं पान असतं: पातळ, वास चहाच्या चोथ्यासारखा, धूर मवाळ. पळसाचं जाड. "ग्वाड लागतं, पर इझतं लई," मामा म्हणाले. स्वतःसाठी ते आपट्याच्या पानाची वळतात. "ह्यात ठसका हाय बगा." प्रत्येकीचा एकेक झुरका घेतला. आपट्याने जीभ तुरट केली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मामा भलतेच खूश झाले.

सकाळी सोजर पाण्याला गेली. कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं दिसली. कुजतील बिचारी, असं वाटून मी ती अंगणात उन्हात पसरली आणि वर शाबासकीची वाट बघत बसले. ती आली, तिने एक पान उचललं. ते पापडासारखं मोडलं.

"ताई, कावून ओ?"

का, एवढंच तिने विचारलं. पान ओलं असेल तरच वळतं, आणि पुन्हा भिजवायचं तर रात्र जाते. मामा म्हणाले, "माजा आपटा हाय की."

"आपट्याची बिडी ठेकेदार घेतो व्हय, मामा?" तिचे डोळे भरले. धरणीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिने सूप उचललं. बिड्या वळणाऱ्या घरांत एक रीत आहे: कुणी ओलं पान मागितलं की नाही म्हणायचं नाही. पण गल्लीत अशी दोनच घरं उरलेली. पहिलं काशीबाईंचं.

"कसं काय वाळलं गं?"

"माज्याच हातनं उगडं ऱ्हायलं," सोजर म्हणाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझं मनगट दाबलं. काशीबाईंनी पोतं सोडून निम्मं पान तिच्या सुपात ओतलं. दुसऱ्या घरीही तसंच. वर दोन्ही घरच्या बायका पानं कापायच्या आपापल्या कातऱ्या घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. मी पानं पुसून द्यायचं काम केलं, तेही देखरेखीखाली. शेवटी मला राहवेना. मीच पानं वाळवली, असं सांगून टाकलं.

काशीबाई हसल्या. "ठावं हाय की. सोजर पान उगडं टाकती व्हय?"

माल वेळेवर गेला.

परतताना बीडमार्गे कपिलधारच्या धबधब्याला थांबले. हिवाळ्यात धार बारीक असते, गर्दीही नसते; पाणी बघायचं तर पावसाळ्यात जा. मी मात्र तिथल्या मंदिरात नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभी होते.

घरी सगळ्यांना पानांच्या चवी सांगितल्या, आपट्याच्या ठसक्यासकट. मग सोजरचा फोन आला. पुढचं पान मिळालं, पोरीची शाळा चालू आहे.

"अन् ऐका," ती म्हणाली, "ह्या बारीला काशीबाईचं पान वाळलं. मी निम्मं दिलं."

"त्यांच्याकडेही पाहुणी आली होती का?"

ती इतकी हसली की पलीकडून मामा विचारायला लागले, काय झालं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिचे आभार मानायचे तेव्हाही राहिले आणि आजही. सोजर, ते इथे मानते. काशीबाईंच्या दारात माझी लाज तू राखलीस.