सहा फरश्यांवर आठ

माझा पहिला रोल सगळा वाया गेला. जुना फिल्म कॅमेरा मी हौसेनं घेतला होता आणि त्यावर बसणारा फ्लॅशही. पण फ्लॅशमधली आपोआप उजेड मोजायची सोय बंद पडली होती. माणूस जवळ असो की लांब, तो दर वेळी पूर्ण ताकदीनंच पेटायचा. सदाशिव पेठेत रोल धुऊन देणाऱ्या काकांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. "सगळे चेहरे जळालेत. फ्लॅशऐवजी सूर्य लावला होता का?"

धायरीला घरी आले आणि फोटोंचं पाकीट जेवणाच्या टेबलावर टाकलं. तिथं सासरे बसले होते. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. मी यवतमाळची, नोकरी हडपसरला. लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी आमचं बोलणं 'पेपर आला का' आणि 'जेवून घ्या, बाबा' याच्या पुढं फारसं गेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी फोटो पाहिले, फ्लॅशची माहितीपुस्तिका मागून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून वाचून काढली.

"यात अवघड काय आहे? भागाकार तर आहे."

"कशाला कशानं भागायचं?"

"फ्लॅशच्या ताकदीचा एक आकडा दिलाय. तू वापरतेस त्या रोलला नव्वद. त्याला माणूस किती फुटांवर आहे, त्यानं भागायचं. जे उत्तर येईल ते लेन्सच्या कड्यावर लावायचं. माणूस लांब गेला की आकडा लहान होतो, छिद्र मोठं होतं, उजेड जास्त येतो. तू अंतर मोजलं होतंस?"

"अंदाजे."

"अंदाजाला मी कधी मार्क दिले नाहीत."

आमच्या हॉलच्या फरश्या दोन-दोन फुटांच्या. पुढचे तीन रविवार बाबा खुर्ची घेऊन मागं-पुढं सरकत राहिले आणि मी फरश्या मोजत राहिले. चार फरश्यांवर अकरा, सहावर आठ, आठवर पाच पॉइंट सहा. चुकले की ते नुसतं "पुन्हा" म्हणायचे. दुसऱ्या रोलमध्ये बाबांचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसला.

दिवाळीनंतर त्यांच्या शाळेतले पाच जुने सहकारी आमच्याकडे जेवायला आले. सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यातले एक मराठीचे सर कायमचे मुलीकडे नागपूरला निघाले होते आणि रात्रीची गाडी होती. त्यांना निरोप देण्यासाठीच तर सगळे जमले होते. संध्याकाळी निघायच्या आधी फोटोसाठी सहाही जण भिंतीपाशी उभे राहिले आणि लाइट गेली.

पाहुण्यांचे तीन-चार फोन माझ्या हाती आले. फोटोंत निळसर, हललेली तोंडं. सर घड्याळाकडं बघत म्हणाले, "राहू दे गं. रिक्षा खाली आलीय."

मी कॅमेरा उचलला. भिंगातून काहीच दिसत नव्हतं. अंधारात रांगेतून बाबांचा आवाज आला, "किती फरश्या?"

मी चप्पल काढली आणि अनवाणी पायानं फरश्यांच्या फटी चाचपत भिंतीपर्यंत गेले आणि मोजत परत आले. "सहा."

"मग?"

"नव्वद भागिले बारा. साडेसात. आठवर लावते."

"साडेसातचे आठ कसे?" मराठीच्या सरांनी विचारलं.

"जवळचा आकडा तोच आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही सरळ उभे राहा."

मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी छिद्राचं कडं आठवर आणि अंतराचं कडं बारा फुटांवर आणलं. मग टॉर्च विझवून बटण दाबलं. हॉल क्षणभर पांढरा झाला. आणखी दोनदा दाबलं आणि सर रिक्षात बसले.

आठवड्यानं फोटो आले. तिन्ही चांगले, पण पहिला अगदी बिनचूक. स्वेटरची वीण, श्रवणयंत्राची वायर, सरांच्या ओठांवर आलेलं हसू, सगळं जागच्या जागी. बाबांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. "बरोबर," एवढंच म्हणाले आणि सहा प्रती काढायला सांगितल्या.

प्रती पोचल्यावर नागपूरहून फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. बाबा मोठ्यानं बोलत होते, कारण पलीकडे ऐकू कमी येतं. "अहो, सुनेनं काढला. नाही, मी काही केलं नाही. गणित तिचंच. मी नुसता उभा होतो."

मी गॅस बारीक केला आणि ऐकत राहिले. हसू आवरेना, म्हणून बराच वेळ बाहेर गेले नाही.