अक्काच्या पायाशी वरवंटा

फोन आला तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर एका ढाब्याबाहेर चहा घेत उभा होतो. पलीकडून भाची सुजाता बोलत होती. "मामा, आई उठून न्हाई राहिली... तुमी या." एवढंच. आमची थोरली बहीण, अक्का, सकाळचा चहा पिऊन खुर्चीत बसली ती बसलेलीच राहिली, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त गाडी काढली आणि हिंगोली, कळमनुरी मागे टाकत डोंगरकड्याच्या दिशेनं, अक्काच्या गावाकडे, निघालो. एका वळणावर जोरात ब्रेक मारावा लागला आणि शेजारच्या सीटखाली काहीतरी जड गडगडलं. तो वरवंटा होता, चटणी वाटायचा, दगडी. अक्कानंच तो तिथं ठेवला होता. गाडीत वरवंटा कशाला, असं कुणालाही वाटेल.

अक्का भित्री होती. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून तिनं उभी हयात काढली, आसपासच्या वाड्यांवरची निम्मी लेकरं तिच्या हातात जन्मली. मुडद्याजवळ एकटी बसायला तिला काही वाटायचं नाही. "मेलेलं माणूस काही करत न्हाई, जित्याचंच भ्या," म्हणायची. पण विहिरीच्या कठड्याला मी टेकलो की तिचा जीव खालीवर व्हायचा. निजण्याआधी गॅसच्या शेगडीपाशी जाऊन नाक लावून हुंगायची आणि अर्ध्या वाटेवरून पुन्हा हुंगायला परत फिरायची. नव्वदच्या दशकात, एका पावसाळ्यात, वऱ्हाडाची एक व्हॅन ओढ्यात गेली होती. अक्का ड्युटीवर होती. त्या दिवसाबद्दल ती फार बोलली नाही. एकदाच म्हणाली, "काचा बंद व्हत्या रे आनंदा. आतून हाताचे ठसे व्हते काचंवर..." त्यानंतर एसटीतही ती खिडकीशीच बसायची आणि कितीही गार वारा असो, काच चार बोटं उघडी ठेवायची.

तर अशा अक्काला गाडी घ्यावी लागली. दाजींच्या, म्हणजे तिच्या मालकांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस सुरू झालं. दाजी एसटीत कंडक्टर होते. ज्या एसटीत त्यांनी जन्मभर तिकिटं फाडली, त्याच एसटीत परतताना आता ते उलट्या करत, घामानं भिजून, अक्काच्या खांद्यावर मान टाकून यायचे. एका संध्याकाळी त्यांना उतरवून घेताना अक्का मला म्हणाली, "आता न्हाई बघवत. गाडी बघ." खानदानात कुणी चारचाकी घेतलेली नव्हती. दर आठवड्याची ये-जा परवडावी म्हणून कंपनीतूनच गॅस बसवून येणारी गाडी पाहायचं ठरलं. पेट्रोलवरही चाले, गॅसवरही. आमच्याकडे तेव्हा अशी गाडी म्हणजे नवलच होतं. डिकीत गॅसची टाकी असते म्हटल्यावर अक्काचा चेहरा उतरला, पण दाजींकडे बघून तिनं होकार दिला.

नांदेडच्या शोरूममध्ये त्या गाडीची दोन मॉडेलं होती. साध्या मॉडेलला काचा हातानं फिरवायच्या, एसी नाही. वरच्या मॉडेलला सगळं. तिथला पोरगा मोठ्या हौसेनं सांगत होता, "मॅडम, एक बटन दाबलं की चारी दारं लॉक. काचासुद्धा बटनावर." त्याला वाटलं, मॅडम खूश होतील. अक्का गाडीत बसून ऐकत होती. ती म्हणाली, "किल्ली काढा." त्यानं काढली. "आता काच खाली घ्या." त्यानं बटन दाबलं, पुन्हा दाबलं, मग ओशाळं हसला. "किल्लीशिवाय होत नाही ना, मॅडम." अक्का उतरली आणि सरळ साध्या मॉडेलमध्ये जाऊन बसली. हँडल फिरवून काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. मला म्हणाली, "हीच."

वैशाख होता. दाजी मात्र अजून वरच्या मॉडेलमध्येच बसून होते. पोरानं त्यांच्यासाठी एसी सुरू करून दिला होता. सुजलेले पाय त्यांनी चपलेतून काढून गार झोताखाली धरले होते, डोळे मिटले होते. बऱ्याच महिन्यांत मी त्यांचा चेहरा इतका सैल पाहिला नव्हता. अक्का त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. त्यांनी डोळे उघडले आणि घाईघाईनं पाय चपलेत सरकवले. "तुला भ्या वाटत नसंल ती घे. मला काय, दोन्ही बराबर." अक्का काही वेळ त्यांच्या पायांकडे बघत राहिली. मग त्या पोराला म्हणाली, "ही द्या. वरचीच." माणूस दुसऱ्यासाठी काय काय करतो ते मी पाहिलं आहे, पण आपल्या भीतीवर पाय देऊन उभं राहिलेलं माणूस मी त्या दिवशी पाहिलं.

गाडी घरी आली. बुद्धवंदना झाली, पेढे वाटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, लिंबू-मिरची तरी बांधा. अक्का म्हणाली, "लिंबानं काच फुटती का?" आणि आत गेली. बाहेर आली ती पाट्यावरचा वरवंटा घेऊन. ड्युटीच्या जुन्या पांढऱ्या साडीचा तुकडा त्याला गुंडाळला आणि पुढच्या सीटखाली, आपल्या पायाशी, ठेवला. तेव्हापासून घरातली चटणी मिक्सरवर गेली. दाजी म्हणायचे, "आधीच बिनमिठाची, त्यात मिक्सरची. वरवंटा बघा, एसीत फिरून राहिला." मी गाडी चालवायचो, दाजी मागं आडवे, आणि अक्का पुढं, टाचेनं वरवंटा चाचपत. मधूनच नाक वर करून गॅसचा वास घेत. खरं सांगतो, हळूहळू तिची भीती मलाही लागली होती. मीही हुंगायला लागलो होतो.

मुख्य रस्ता सोडून तिच्या गावाकडे वळलं की एक ओढा लागतो. त्यावर पुलाऐवजी नुसती फरशी, कठडे नाहीत. त्या पावसाळ्यात नांदेडहून परतताना फरशीवरून घोट्याएवढं पाणी जात होतं. मधोमध पोहोचलो आणि इंजिन बंद पडलं. बघता बघता पाणी दाराला लागलं. गढूळ, फेसाळ... गाडी किंचित हलल्यासारखी वाटली. शेजारी बघतो तर अक्कानं वरवंटा दोन्ही हातांनी उचललेला, ओठ पांढरे. मागून दाजींचा आवाज आला, एसटीत गर्दी आवरताना यायचा तसा शांत. "थांब. आगुदर त्याला बटन तर दाबू दे." मी किल्ली फिरवून बटन दाबलं. काच खाली गेली आणि पाण्याचा आवाज एकदम आत घुसला. काठावरच्या लोकांनी ट्रॅक्टर लावून आम्हांला ओढून काढलं. घर येईपर्यंत वरवंटा अक्काच्या मांडीवर होता. मी उसनं हसत म्हटलं, "बघ, झाली का न्हाई काच खाली?"

"आज झाली," ती म्हणाली.

दाजी हिवाळ्यात गेले. दवाखान्यात, मशीनवर, भर दुपारी. ना पाणी, ना आग. परतताना अक्का पुढंच बसली. काच बंद होती, आणि पहिल्यांदाच तिनं ती उघडली नाही. पायही आखडून घेतलेले. डोंगरकड्याचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "मी पाण्याचं भ्या बाळगत बसले... ह्याच्यासाठी काय सोबत ठिवायला पायजे व्हतं रे?" आता वाटतं, सिस्टर होती ती, दाजींचे रिपोर्ट तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळत होते. त्या भीतीचं काहीच करता येत नव्हतं. काचेची भीती निदान हातात धरता येत होती.

पुढं तिनं गाडी मला दिली. वरवंटा हलवायचा नाही, एवढी एक अट. मी कुठंही निघालो की फोन यायचा, "पोचलास का?" मी वैतागून "व्हय, व्हय" म्हणायचो.

अक्का गेल्यावर पाचव्या दिवशी जलदानाचा विधी आटोपला, तेव्हा सुजाता म्हणाली, "मामा, वरवंटा देता का? पाटा तसाच पडून हाय." मागणं रास्त होतं. मी गाडीपर्यंत गेलो, वाकलो, साडीच्या त्या तुकड्यावर हात ठेवला आणि तसाच परत आलो. "राहू दे अजून," म्हटलं.

मी कशाला भीत नाही, असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो. ते खोटं नव्हतं. माझ्या वाटणीचं भ्यायला डोंगरकड्याला एक माणूस बसलेलं होतं, म्हणून मी खुशाल होतो. आता ते काम माझ्याकडे आलं आहे. त्या दिवशी परत निघालो, ओढा आला. त्यात टिपूसभर पाणी नव्हतं. तरी मी गाडी थांबवली, चारी काचा खाली केल्या, वाकून वरवंटा जागेवर आहे ना ते चाचपलं, आणि मगच गाडी फरशीवर घातली.