बोलायचा हात

बोईसरच्या बाजारात घिवली गावची एक मासेवाली बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. उजवा हात माशांत असायचा, डावा मात्र कोरडा, स्वच्छ, पदरात गुंडाळलेला. बोलायचं झालं की त्या डाव्या हाताचं बोट ती गळ्यातल्या नळीच्या तोंडावर दाबायची, मग घोगरा आवाज निघायचा. मासे साफ करून द्यायची ती तिच्या शेजारी बसणारी दुसरी मासेवाली.

शेजारणीनेच सांगितलं, मोठ्या आजारात ही कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर होती. जगली, पण घशात घातलेल्या नळीने जखम होऊन श्वासनलिका आक्रसत गेली. शेवटी श्वासासाठी गळ्याला भोक पाडून ही नळी बसवावी लागली.

हे कळल्यावर मी घासाघीस सोडून दिली. तिला उगाच बोलायला लावायचं कशाला? तिसऱ्या रविवारी तिने बोंबलांची पिशवी मागे ओढली आणि बोट गळ्यावर ठेवलं.

"भाव कर ना, दादा. समदेच दया करतात. मंग मी बोलू कोनाशी?"

तेव्हापासून मी दर रविवारी हुज्जत घालू लागलो. मग दोन महिने तिची जागा रिकामी दिसली. "ऑपरेशनला मुंबईला नेलीय," शेजारीण म्हणाली.

परवा बाजारात शिरतानाच ओरडा ऐकू आला. तिच्या गळ्यावर नुसता व्रण होता आणि दोन्ही हात माशांत होते. मी निम्मा भाव सांगितला.

"निम्म्यात डोकी पन नाय मिलनार! चल, पुढं हो!"

अख्खा बाजार वळून बघायला लागला. मी आणखी कमी भाव सांगितला.