माठापर्यंतची फेरी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — घरात नाही, कॉलेजात तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतोय. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं.

पालघरच्या एका कॉलेजात मी गणित शिकवतो. त्याआधी, बी.एस्सी. झाल्या झाल्या, दोन वर्षं बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचो. हाताखाली नारूदादा. घिवलीचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांचं काम एकच, रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे रसायनं तापवायच्या टाकीचं, तापमान सत्तरवर ठेवायचं. पण ते वाफेचा व्हॉल्व्ह जरासा फिरवायचे आणि चक्क चालू लागायचे — लांब गेटजवळच्या माठापर्यंत. पेलाभर पाणी पिऊन रमतगमत परत यायचे, मगच काट्याकडे बघायचे. काटा सत्तरवर. मला ही निव्वळ कामचुकारी वाटायची. एकदा बोललो, तर हसले.

"साहेब, ही टाकी उशिरा ऐकते. एकदा सांगितलं का गप ऱ्हायाचं. जवळ उभं ऱ्हायलं का हात शिवशिवतात, म्हणून आमी पानी प्यायला जातो."

एका दुपारी ते असेच गेले आणि मी — कशाला, कुणास ठाऊक — व्हॉल्व्हला हात घातला. काटा अडुसष्टवर होता. वाफ वाढवली, काटा ढिम्म. आणखी वाढवली. आणखी. मग तो चढला तो थांबेचना. घाबरून थंड पाणी सोडलं. तेही तिने सावकाश ऐकलं आणि काटा धाडकन खाली. पुन्हा वाफ, पुन्हा वर. दादा परत आले तेव्हा टाकीतला सगळा माल, अख्खी बॅच, काळी पडली होती आणि मी टेबलाशी जाऊन बसलो होतो, वहीत डोकं घालून.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं : ऑपरेटर जागेवर नव्हता.

शब्द न् शब्द खरा. त्या वाक्यात माझा हात कुठे होता? आठवड्याच्या आत त्यांना काढून टाकलं. मी नोकरीत राहिलो, पुढे गणितात एम.एस्सी. केलं, मास्तर झालो. यंत्रच बिघडलं असेल, असं स्वतःला सांगत आलो — आणि खरं सांगू? मला ते पटतही होतं.

गेल्या हिवाळ्यात विलंब असलेली अवकल समीकरणं वाचत होतो. आत्ताचा बदल मघाच्या स्थितीवरून ठरतो, अशी समीकरणं. त्यात एक प्रमेय आहे. उत्तर यायला लागणारा उशीर आणि आपली सुधारण्याची घाई यांचा गुणाकार एका मर्यादेपलीकडे गेला, की प्रत्येक उकल हेलकावते. प्रत्येक. सुरुवात कुठूनही करा, शांत राहणारी एकही सापडत नाही. आणि समीकरणात आवर घालणारं एक पद घातलं, पुरेसं, की तेच हेलकावे विरत जातात. अवमंदन म्हणतात त्याला. कॉम्प्युटरवर आलेख काढला. वर, खाली, पुन्हा वर. माझी ती दुपार.

मी नुसता बघत राहिलो. इतक्या वर्षांत गणितापुढे असा थक्क झालो नव्हतो. चार चिन्हांची ओळ, आणि तिच्यात माझा हात स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या आलेखातली ती शांत होत जाणारी रेघ म्हणजे दादांची माठापर्यंतची फेरी. हा माणूस अवमंदन पायांनी करत होता, आणि मी त्या पायांनाच गुन्हा ठरवलं होतं.

दोन्ही आलेख पिशवीत घालून मी केळव्याला गेलो. दादा तिथे किनाऱ्यावर शहाळी विकतात. मला लगेच ओळखलं, बाकावर बसवलं, चांगलं पाण्याचं शहाळं निवडून फोडून दिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "साहेब, त्या दिवशी पानी प्यायला गेलो नसतो तर बॅच वाचली असती. अजून मनात हाय. चूक माजीच."

पिशवी मांडीवर होती.

"जाऊ द्या दादा," मी म्हणालो. "चूक कुणाच्याही हातून होते."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि मी ते जोडू दिले.