वहिनीची मतं आणि माझी पदवी

सांगलीला शिकायला निघाले त्या सकाळी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आबांनी त्यांची फौजेतली काळी ट्रंक रिक्षात चढवली. आईने कुंकू लावलं, हातावर दही दिलं. शेजारच्या दोघीतिघी दारात जमल्या. मी निरोप घ्यायला आत गेले तेव्हा वहिनी ओट्याकडे तोंड करून डबा बांधत होती. डबा देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"जाते," मी म्हणाले.

"येते म्हणावं, ताई. जाते म्हणू नये," ती म्हणाली आणि ओटा पुसायला लागली.

रहिमतपूर स्टेशनवर पॅसेंजर उशिरा आली. तेवढ्या वेळात आबांनी ओळखीच्या प्रत्येकाला सांगून घेतलं, "पोरगी इंजिनेरिंगला चालली. लय डोकं हाय तिला." आमच्या घराण्यात माझ्याआधी बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. खिडकीशी बसून मी रडले. आईआबांपासून लांब जायचं म्हणून पोरगी रडते, असं सगळ्यांना वाटलं. मी रडले ते वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही म्हणून. ती का बघत नव्हती, हे तिला आणि मला दोघींनाच ठाऊक होतं. निदान तेव्हा मी तसं समजत होते.

घर सोडून शिकायला गेलेल्या आपण पोरी आपल्या पदवीचं श्रेय आईवडिलांना देतो, आणि ते खरंच असतं. मीही देते. आबांनी कुणाचं न ऐकता मला शिकवलं, याचं ऋण मी मानते. पण त्यात एक नाव गाळून मी बरीच वर्षं बोलत आले. ते उज्वलाचं, माझ्या मोठ्या भावाच्या बायकोचं.

आमच्या घरी संध्याकाळी साडेसातची मालिका सगळे मिळून बघायचो. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे मालिका बघण्यालाही शिस्त होती. भाग संपला की रिमोटने आवाज बंद करून ते म्हणायचे, "हं, रिपोर्ट." मग प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. कोण चुकलं, कोण खोटं बोललं, पुढे काय होणार. आधी आई, मग मी. दादाही फौजेत होता, तो सुट्टीवर आलेला असला तर तोही. आमच्या घरात कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नसे. जे बोलायचं ते टीव्हीकडे बघून बोलायचं. आईला माझं उशिरा उठणं खुपलं की मालिकेतली मुलगी आळशी ठरायची. आबांना दादाचा राग आला की मालिकेतल्या मुलाचं काही खरं नसायचं. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागायचं, आणि कुणाला तक्रार करायला जागा उरायची नाही.

सासऱ्यांसमोर सुनेने बसायचं नाही, म्हणून वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, आतल्या बाजूला बसून बघायची. मध्ये कपाट येत असल्यामुळे तिला अर्धाच पडदा दिसायचा. डावीकडे उभं राहून बोलणाऱ्या माणसांचे तिला फक्त आवाज यायचे. तिला रिपोर्ट कधी कुणी विचारला नाही.

जाहिराती लागल्या की मी पाणी प्यायला आत जायचे, तेव्हा ती हळूच बोलायची. एकदा मालिकेतल्या घरातले दागिने चोरीला गेले. आई म्हणत होती, मावशीने घेतले. वहिनी पीठ मळता मळता म्हणाली, "मावशी न्हाई, ताई. थोरला दीर. घरात चोरी झाली तवापासनं तो साधं पाणी मागतानाबी आवाज उतरवून मागतोय."

मी बाहेर जाऊन हे माझं मत म्हणून सांगितलं. सगळे हसले. दोन आठवड्यांनी थोरला दीरच निघाला. आबांनी मांडीवर थाप मारली. "आयला, इंटेलिजन्सला घेतील ह्या पोरीला!"

तेव्हापासून ते रोजचंच झालं. वहिनीने आत सांगायचं, मी बाहेर बोलायचं. मी तिला एकदा विचारलं, वैनी, तुला वाईट नाही वाटत? ती हसली. "माझं बोलणं पुढच्या खोलीत जातंय की. मी न्हाई गेले म्हणून काय झालं?" आबा माझी मतं चावडीवर, बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या दुकानात सांगायला लागले. बारावी झाल्यावर काकांनी माझ्यासाठी कराडजवळच्या मलकापूरचं स्थळ आणलं, तेव्हा आबा म्हणाले, "हिचं डोकं भाकऱ्या थापण्यात घालवायचं न्हाई." त्या वेळी ते डोकं आत भाकऱ्याच थापत होतं.

त्याच उन्हाळ्यात मालिकेत मूल न होणाऱ्या सुनेची गोष्ट सुरू झाली.

दादाच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. दादा वर्षातून दोन महिने घरी यायचा. वहिनीला कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, रोज साडेसातला मालिका होती. "पाच वर्सं लय झाली," आई टीव्हीकडे बघत म्हणायची, "माणसानं थांबायचं तरी किती?" मालिकेतल्या सुनेला सात वर्षं झाली होती. पाच आमच्या घरात झाली होती. आबांनी दुरुस्ती केली नाही, मीही केली नाही. दारातून परातीचा आवाज तेवढा यायचा.

असं महिनाभर चाललं. माझा कॉलेजचा प्रवेश झाला होता, पण काका अजून आबांच्या कानाशी लागत होते. निघायला चार दिवस राहिले असताना, जाहिरातीत मी आत गेले तेव्हा वहिनीने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला पीठ होतं.

"ताई, आज एक सांगाल? म्हणावं, त्या सुनेला एवढ्या दवाखान्यांनी फिरवलं, एकदा नवऱ्याचीबी तपासणी करा. तुमचं म्हणून सांगा. तुमचं ऐकत्यात."

मी मान हलवली. बाहेर येऊन बसले. भाग संपला, आबांनी आवाज बंद केला. आईने तिचं नेहमीचं सांगितलं. मग आबा माझ्याकडे वळले. "स्वाते, रिपोर्ट."

मी आबांकडे बघितलं. दादाच्या तपासणीचं नाव काढलं तर ते मला सांगलीला पाठवतील का, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. मी म्हणाले, "तिनं आपणहून निघून जावं. दुसऱ्याचा संसार अडवून बसू नये."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. आईच्या चेहऱ्यावर पसंती दिसली आणि मला चेव आला. "शिकलेली असती तर एव्हाना गेलीपण असती," मी म्हणाले. वहिनीची शाळा दहावीनंतर सुटली होती. तिला पुढे शिकायचं होतं, हे तिने मला एकटीला सांगितलं होतं.

"बघा," आबा म्हणाले, "वयानं ल्हान, पण कसं तोलून बोलली." आई टीव्हीकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. परातीचा आवाज थांबला होता.

दिवाळीत मी घरी आले तेव्हा वहिनी नव्हती. तिचं माहेर आटपाडीकडे, मेंढरं आणि थोडी कोरडवाहू शेती असलेलं. "आपणहून गेली," आई म्हणाली. "तूच म्हणाली व्हतीस की." पुढल्या वर्षी सोडचिठ्ठी झाली आणि त्याच्या पुढल्या वर्षी दादाचं दुसरं लग्न झालं. लग्नात मी करवली होते. नटले, फोटो काढले.

सांगलीने मला खूप दिलं. कॉलेज, हॉस्टेल, रात्रपाळी न लागणारी नोकरी, स्वतःची स्कूटी. कुपवाडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग जायला आलंय हे मला आधी कळतं, त्याचं साहेबांना कौतुक आहे. डब्याच्या सुट्टीत मैत्रिणी मोबाइलवर बघितलेल्या सिरीजबद्दल बोलतात आणि शेवटी म्हणतात, थांबा, आता स्वाती मॅडमचा रिव्ह्यू. ग्रुपवर मी चार ओळी टाकल्या की अंगठ्यांची रांग लागते. हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी मात्र मला एकाही सिनेमावर एक वाक्य बोलता आलं नव्हतं. आत जाऊन विचारायला कुणी नव्हतं. मग मी पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायला लागले, तेव्हा हळूहळू जमलं. लोकांना वाटतं ही माझी पद्धत आहे.

गेल्या वर्षी सांगलीच्या एसटी स्टँडवर वहिनी भेटली. मिरजेत दिली होती तिला, बायको वारलेल्या एका ट्रकचालकाला. कडेवर तीन वर्षांची मुलगी होती. मुलीचं नाक, कपाळ सगळं वहिनीचं. मी तिथेच उभी राहून रडायला लागले.

"आवं ताई, लोकं बघत्यात," ती म्हणाली. "कशा हायसा? आबांची शुगर काय म्हणती?"

मी म्हणाले, वैनी, त्या दिवशी तू सांगितलेलं मी बोलले नाही. मला माफ कर.

"ते जाऊ द्या. तुमी बोलला असता तरी त्यांनी ऐकलं नसतं. आपणहून जावं, हेबी आज न्हाई उद्या सासूबाईच बोलल्या असत्या." तिने मुलीच्या तोंडाला लागलेलं बिस्कीट पुसलं. "पण शिकलेली असती तर गेली असती, हे त्या घरात दुसरं कुणी बोललं नसतं. इतकी वर्सं माझं बोलत व्हता. ते एवढं तुमचं स्वतःचं."

मिरजेची गाडी लागली. ती चढली. मुलीने हात हलवला, तिने नाही.

त्याच शनिवारी मी घरी गेले. दादा सुट्टीवर आलेला होता. नवी वहिनी दारात आतल्या बाजूला बसली होती. तिच्या लग्नालाही तेव्हा सहा वर्षं होत आली होती. तेव्हाची मालिका दोन भावांच्या कापडदुकानाच्या भांडणाची होती, तिच्यात लेकराबाळांचा काही संबंध नव्हता. तरी आबांनी आवाज बंद केल्यावर आई म्हणाली, "एवढं दुकान हाय, पण पुढं बघायला कोण हाय त्यांच्यात?" दारातली बांगडी वाजायची थांबली.

"स्वाते, तुझा रिपोर्ट," आबा म्हणाले.

"दादाची तपासणी करा," मी म्हणाले. "मालिकेतल्या न्हाई, आपल्या दादाची. उज्वला वैनीला मुलगी झालीय. मी बघून आले."

दादाने मोबाइल उचलला आणि अंगणात निघून गेला. आई म्हणाली, "शिकवली म्हणून हे ऐकायचं व्हय?" आबा मात्र चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"ही उज्वलाची बुद्धी. तुझी न्हाई."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"तवाबी तिचीच हुती. बावीस वर्सं वायरलेसवर काढली मी. भिंतीपलीकडचं कुजबुजणं मला ऐकू येत नव्हतं असं वाटतंय व्हय तुला? ते तपासणीचंबी ऐकलं हुतं. तू काय बोलतीस तेच बघत हुतो."

"माहीत होतं तर मला का शिकवलंत?"

"तू माझी पोरगी. तुझं कौतुक मला गावात सांगता येत हुतं. तिचं कुणाला सांगायचं हुतं?"

हे ते प्रेमाने बोलले. माझ्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे झाले. मी उठून स्वयंपाकघरात गेले. निदान नव्या वहिनीला तरी वाटलं असेल की कुणीतरी बोललं, या आशेने गेले. तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न वळता म्हणाली, "ताई, हात जोडते, माझी बाजू घिऊ नका. तुमी सोमवारी जाताय. मला हितं ऱ्हायचं हाय. आज राती त्ये मला इचारणार, हिला हे तू शिकवलंस का म्हणून."

रविवारभर मी टीव्हीसमोर बसलेच नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. सोमवारी निघाले.

घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून रहिमतपूरच सांगते. दर महिन्याला जाते, आबांची औषधं नेते. त्यांनी मला उभं केलं, आणि कशाच्या जोरावर केलं हे ठाऊक असून केलं. या दोन्ही गोष्टी मला एकदम मनात धरता येत नाहीत, म्हणून मी दरवेळी एकच घेऊन जाते आणि दुसरी सांगलीत ठेवते. सांगलीत मी मोकळी बोलते, कारण इथे माझ्या बोलण्याचं जे काही व्हायचं ते माझं होतं. तिथे मी बोलून निघून येते, आणि त्याचं जे व्हायचं ते आत बसलेलीचं होतं.

आता घरी गेले की मी गप्प असते. आबा गावात सांगतात, पोरगी मोठी साहेब झाली, कमी बोलती.