तळ्याला वळसा

शहर एवढं अवाढव्य, की एका टोकाला न्याहारी करून निघालेला माणूस दुसऱ्या टोकाला जेवायच्या वेळेला टेकावा. विभाग जसजसे बांधून झाले तसतसे त्यांना आकडे मिळाले, त्यामुळे चार नंबरला खेटून अकरा नंबर बसलेला. नवखा माणूस गरगरतोच! या पसाऱ्याच्या पोटात वीटभट्टीवाल्यांची जुनी वस्ती. त्यांनी विटांसाठी माती उपसली, खड्ड्यात पाणी साचून तळं झालं, तळ्याकाठी अर्धगोल घरं उभी राहिली. पुढे शहर आलं आणि त्यानं आपला सगळा राडारोडा तळ्यात ओतला. आता तिथे टणक मैदान आहे.

या वस्तीची एक सून शहराच्या बसवर ड्रायव्हर. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, आवाज खणखणीत. तिच्या सासऱ्यांच्या विटा निम्म्या शहराच्या भिंतींत आहेत, पण गुडघ्यांनी दगा दिला. त्यांची थोरली बहीण शहराच्या पार पल्याड राहते. बस मिळते त्या मुख्य रस्त्यापर्यंत त्यांना चालवत नाही, म्हणून भेट तुटलेली.

"मामा, बस दारात आणते तुमच्या," सून सासऱ्यांना म्हणाली.

"आण की. जमलं तर विमानही आण!"

तिनं अर्जविनंत्या करकरून चाचणीची फेरी मिळवली. त्या दिवशी मामा नवी टोपी घालून दारात खुर्ची टाकून बसले. घर मात्र वळणाच्या पलीकडे, आणि बस नेमकी वळणात अडकली. तोंड थेट एका शेजारणीच्या ओट्याला.

चाचणी बघायला बसमध्ये तिच्या शेजारी बसलेले बसखात्याचे साहेब मान हलवून म्हणाले, "नाही वळत, बाई. मागे घ्या. बस मुख्य रस्त्यावरच थांबेल."

माणसं गोळा झाली.

"डावीकडं दाब!"

"ओटा फोडा की हिचा!"

"हात तर लावून बघ मेल्या!" शेजारीण कडाडली.

 सुनेनं खिडकीतून पाहिलं. सगळी गर्दी वाटेवर दाटीवाटीनं उभी होती, एकमेकांचे पाय तुडवत. शेजारी अख्खं मैदान मोकळं, पण त्यावर एकाचाही पाय नाही! तळं बुजून जमाना झाला, तरी वस्ती अजून काठाकाठानंच चालत होती. लग्न होऊन आल्यापासून तीही भर उन्हात पिशव्या सांभाळत हाच वळसा घालत आलेली. तिला हसू फुटलं. बस जराशी मागे घेऊन तिनं चाक गरकन फिरवलं आणि सरळ मैदानात घातली.

"अगं सूनबाई, बुडशील!" मामा खुर्चीतून ओरडले.

धुरळा उडवत बस मैदान कापून त्यांच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबली. सुनेनं उतरून त्यांना हात दिला, वर चढवलं, पुढच्या आसनावर बसवलं.

साहेब खाली उतरले आणि वाकून जमीन ठोकून बघू लागले. "रस्ता इथूनच आखायला हवा होता की! मी जरा नीट पाहतो."

"ते परतल्यावर पाहा हो," मामा टोपी नीट करत म्हणाले. "आधी गाडी निघू द्या. ताई जेवायची खोळंबली असेल."